रोजचे काम आनंदाने करण्यासाठी मनन-दैनंदिनी: वापरानंतरचा अभिप्राय

ख्रिस्ती वाचकांसाठी निघणाऱ्या बहुतेक मनन-पुस्तिका सकाळच्या प्रार्थनेपुरत्या असतात. वाचून झाल्या की त्या उशाशी राहतात आणि वाचणारा कामाला निघून जातो. सध्या मी वापरत असलेली दैनंदिनी मात्र कामाच्या टेबलावर ठेवण्यासाठीच बेतलेली आहे, आणि रोजचे काम प्रभूमध्ये आनंदाने कसे करावे हा एकच विषय तिने शेवटपर्यंत धरून ठेवला आहे. तारखा छापलेल्या नसल्यामुळे ती वर्षात केव्हाही सुरू करता येते, आणि मध्ये काही दिवस खाडा पडला तरी कोरी पाने डोळ्यांत खुपत नाहीत.

प्रत्येक पानावर वरच्या बाजूला शास्त्रवचन आणि त्याखाली लहानसे मनन असून खालच्या अर्ध्या भागात दोन रकाने सोडलेले आहेत. पहिला सकाळी भरायचा: आज नकोसे वाटणारे काम कोणते? दुसरा संध्याकाळी: त्या कामाबद्दल देवाचे आभार कशासाठी मानता येतील? माझे काम हिशेबाचे आहे. बँकेच्या विवरणाशी नोंदी जुळवत बसणे हा त्यातला सर्वांत रुक्ष भाग, त्यामुळे पहिल्या रकान्यात बहुधा तेच लिहिले जाते. ते लिहून, ‘प्रभू, हे काम तुझ्यासाठी’ एवढीच प्रार्थना करून बसले की काम सोपे होते असे मुळीच नाही. मात्र ते कसेबसे उरकण्याची घाई ओसरते आणि न जुळणारी रक्कम शोधताना मन शांत राहते. अशाच एका जुळवणीत एका पुरवठादाराच्या बिलातून दोनदा वजावट झाल्याचे लक्षात आले आणि त्याचे पैसे त्याला परत मिळाले. त्या संध्याकाळी दुसरा रकाना भरताना आपल्या रुक्ष नोंदींच्या पलीकडे एक माणूस उभा असतो, हे मला फार स्पष्टपणे जाणवले.

मननांचा दर्जा चांगला आहे, आणि सुरुवातीची मनने तर विशेष वाचनीय आहेत. एदेन बागेची मशागत आणि राखण करण्याचे काम ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात मनुष्याला सोपवले जाते, तर घाम गाळून भाकर खाण्याचे कष्ट 3ऱ्या अध्यायात, पतनानंतर, म्हणजे मनुष्याने देवाची आज्ञा मोडल्यानंतर येतात. म्हणजे काम ही मुळात शिक्षा नव्हे, हा मुद्दा लेखकाने अतिशय नेमकेपणाने मांडला आहे. तंबू बनवून पोट भरणारा प्रेषित पौल, अटकेत असताना फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असे लिहिणारा तोच पौल, आणि गावकरी ज्याला सुतार म्हणून ओळखत होते तो येशू, हे सारे ओघाने येते. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स यांच्यावरचे पान मला सर्वांत आवडले, कारण त्यांना स्वयंपाकघराच्या कामाची मुळात नावड होती ही गोष्ट तेथे झाकलेली नाही. आनंद कामाच्या आवडीवर अवलंबून नसून ते कोणाला अर्पण केले आहे यावर अवलंबून आहे, हे त्या पानाइतके स्वच्छ दुसरीकडे कोठेही आलेले नाही.

दैनंदिनीची मोठी उणीवही याच विषयाशी जोडलेली आहे, आणि ती मला गंभीर वाटते. जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातील 3:23 चे (3ऱ्या अध्यायातले 23वे) वचन यात वारंवार येते. ते मुळात दासांना उद्देशून लिहिलेले आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले आहे. परंतु त्यानंतर लगेचच, 4:1 मध्ये, धन्यांनी आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागावे अशी आज्ञा आहे, आणि तिचा उल्लेख कोठेच नाही. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे याकोब आपल्या पत्रात 5:4 मध्ये म्हणतो, तेही येथे सापडत नाही. परिणामी, ज्याच्याकडून वेळेपेक्षा जास्त काम करून घेतले जाते त्या वाचकाला ‘तू फक्त आनंदी राहा’ एवढाच निरोप मिळण्याचा धोका आहे. प्रभूमधला आनंद अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवत नाही, आणि हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी अशा पुस्तिकेने टाळायला नको होती. विश्रांतीच्या दिवसावरही एकच पान आहे, ते अपुरे वाटते.

छपाई सुबक आहे, अक्षर मोठे आहे, आणि बांधणी अशी की पान उघडे ठेवले तरी मिटत नाही. संध्याकाळचा रकाना मात्र अरुंद असून दोन-तीन ओळींपलीकडे त्यात काही मावत नाही.

एकसुरी कामात दिवस घालवणाऱ्या, घरकाम एकहाती सांभाळणाऱ्या किंवा नुकतीच नोकरी लागलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला ही दैनंदिनी मी आनंदाने भेट देईन. पुढील आवृत्तीत कलस्सै 4:1 आणि याकोब 5:4 यांवर निदान एकेक पान आले, तर हाताखाली माणसे असलेल्या वाचकालाही ती तितक्याच विश्वासाने देता येईल.