शूटच्या आधी गाडीचा रंग: मशीन पॉलिश की ग्लेझ?

मासिकाच्या शूटची तारीख ठरली की मॉडिफाइड गाडीच्या मालकाला पहिली काळजी लागते ती रंगाची. मशीनने पॉलिश करून घ्यावं, की ग्लेझ (ओरखडे तात्पुरते झाकणारं क्रीम) लावून वेळ निभावून न्यावी? माझ्या मते याचं उत्तर गाडीपेक्षा उजेडावर ठरतं, म्हणून आधी फोटोग्राफरला विचारा: शूट उन्हात आहे की स्टुडिओत?

धुताना-पुसताना पडलेले बारीक ओरखडे ऊन किंवा उघडा फ्लॅश अशा लहान, तीव्र उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात, गडद रंगावर तर फारच. स्टुडिओतल्या मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणाऱ्या दिव्याच्या पेटीखाली, तेच ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. मात्र तिथे वेगळीच पंचाईत होते. सॉफ्टबॉक्सच्या सरळ कडेचं प्रतिबिंब दारावर थरथरल्यासारखं दिसलं, तर तो ऑरेंज पील, म्हणजे रंगाच्या पृष्ठभागाचा संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा आहे. त्यावर ग्लेझचा काही उपयोग नाही आणि साध्या पॉलिशचाही फारसा नाही. वेट सँडिंगच, म्हणजे पाणी लावून बारीक सँडपेपरने घासणंच करावं लागतं. शूट तोंडावर असताना त्यात पडू नये.

ग्लेझ ओरखडे भरून झाकते. काम हलकं, रंगाला धोका नाही, चमकही लगेच येते. पण थोड्याच धुण्यांत सगळं पुन्हा उघडं पडतं. स्टुडिओतल्या एका शूटपुरती ती पुरे.

पॉलिश ओरखडा खरोखर काढतं, कारण ते क्लिअर कोटचाच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचाच, वरचा पापुद्रा घासून टाकतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हा कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि कडांवर, बॉडी लाइनवर (पत्र्यातल्या उठावदार रेषांवर) त्याहून पातळ. तिथे मशीनचं पॅड जरा जास्त टेकलं की खालचा रंग दिसायला लागतो. कस्टम गाडीत आणखी एक अडचण आहे: जाडी मोजायचा नेहमीचा मीटर धातूवरच चालतो, बाहेरून बसवलेल्या फायबरच्या बॉडी किटवर नाही. किती कोट शिल्लक आहे हे कळत नसेल, तर दारं आणि बोनेट पॉलिश करा, किटवर ग्लेझ लावा. उन्हातल्या शूटसाठी मी हीच विभागणी निवडेन, मग दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

निर्णयाआधी गाडी धुऊन क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा. मग बोनेटचा एक कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे आधीच्या वॅक्सचं तेल निघेल, आणि अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. जे दिसेल ती रंगाची खरी अवस्था.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) हा पॉलिश आणि ग्लेझ या दोन्हींना पर्याय नाही. ते ओरखडे झाकत नाही, उलट कोटिंगखाली कोंडून ठेवतं. शिवाय ग्लेझच्या तेलावर ते धरत नाही. लावायचंच असेल तर पॉलिशनंतर, आणि शूटच्या बरंच आधी.

गाडी मॅट (बिनचकाकीच्या) रंगाची असेल तर मात्र पॉलिश आणि ग्लेझ दोन्ही बाद. पॉलिशने तिथे चकाकते डाग पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. मॅटसाठीचा शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर एवढंच वापरा.