घरी येऊन रक्त नेणारी लॅब : चार फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी कर्करोगामुळे माझी प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रिया करून संपूर्ण काढावी लागली आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे एक प्रथिन) व टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) या दोन रक्ततपासण्या मी पुण्यातील एका लॅबकडून घरबसल्या करून घेत आहे. लॅबचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील तक्रारी एकाच लॅबपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

नमुना घ्यायला येणारा मुलगा वेळेचा पक्का आहे, पहिल्याच टोचणीत त्याला शीर सापडते, आणि अहवाल त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तेथपर्यंत सेवा उत्तम आहे.

खरी अडचण अहवालाच्या कागदाची आहे. पहिल्या वेळी पीएसए ‘०.१ पेक्षा कमी’ असा आला आणि शेजारी सर्वसाधारण मर्यादा ‘० ते ४’ छापलेली होती. ती मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या पुरुषासाठी आहे. ग्रंथी काढल्यावर रक्तातील पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो आणि सहा ते आठ आठवड्यांनी तो जवळजवळ शून्यावर यावा अशी अपेक्षा असते. पुढे कधी तो ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक झाला आणि फेरतपासणीतही तसाच आला, तर रोग परतल्याची खूण म्हणून डॉक्टर त्याकडे पाहतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ज्याचा आकडा १.५ येईल, त्यालाही हा कागद ‘नॉर्मल’ म्हणूनच धीर देणार! विचारणा केल्यावर कळले की याहून बारीक मोजणारी अतिसंवेदनशील पद्धत त्यांच्याकडे आहे, मात्र नोंदणी करताना ती कोणी सुचवली नव्हती.

दुसऱ्या वेळी त्या पद्धतीने ०.०२ आला आणि तिसऱ्या वेळी ०.०४. आकडा दुप्पट झाला म्हणून ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली. सकाळी डॉक्टरांनी अहवाल नीट पाहिला, तेव्हा तिसरा नमुना दुसऱ्या शाखेतील वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर तपासल्याचे लक्षात आले. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि इतक्या खालच्या पातळीवर एवढ्याशा फरकावरून काही ठरवताही येत नाही. लॅबने चूक मान्य करून पहिल्याच यंत्रावर विनामूल्य फेरतपासणी केली. आकडा ०.०२ आला.

टेस्टोस्टेरॉनची गोष्ट निराळी. हे संप्रेरक आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांचे नाते चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची पातळी कमी असलेल्यांत रोग अधिक आक्रमक निघतो असे काही अभ्यासांत दिसले, तर इतरांत तसे दिसले नाही. ही तपासणी सांगण्यामागे माझ्या डॉक्टरांचे कारण साधे होते : पीएसए तयार होणे टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते, म्हणून ते फारच खाली असेल तर कमी पीएसएवर डोळे मिटून विसंबता येत नाही. आता ही पातळी सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तशी उतरते, त्यामुळे नमुना सात ते दहाच्या दरम्यान घ्यायला हवा. लॅबच्या अ‍ॅपवर मात्र दुपारी बाराची वेळही बिनदिक्कत निवडता येते, आणि पहिल्या खेपेस मी तीच निवडली होती. भरीस भर म्हणजे आकडा एका अहवालात नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर पुढच्यात नॅनोमोल प्रति लिटरमध्ये; पातळी तीच असली तरी ३०० चा आकडा साडेदहाच्या आत आलेला पाहून कोणाच्याही पोटात गोळा येईल.

पाचपैकी तीन तारे देतो. लेखी तक्रारीनंतर चौथ्या अहवालावर यंत्राचे नाव, पद्धत आणि नमुना घेतल्याची वेळ छापून आली. ‘० ते ४’ मात्र अजून तिथेच आहे.