कसब्यातल्या वाड्यात स्वतःचा राउटर : आठ महिन्यांनंतर

फायबर घरात दोन वर्षांपासून होतं. स्वतःचा राउटर गेल्या गणपतीत आणला आणि आता मे चालू आहे. खोक्यातून काढल्या दिवशी 'भारी आहे' असं कुणीही म्हणतं, म्हणून लिहायला मुद्दाम थांबलो. राउटर मधल्या किमतीचा, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), सगळे पोर्ट गिगाबिटचे. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते कुठल्याही राउटरला लागू आहे. वस्तूला मी पाचपैकी चार देईन. ती चालू करण्याच्या प्रकाराला मात्र दीड, तोही त्यातून बरंच शिकायला मिळालं म्हणून.

आमचं घर सोलापुरात, उत्तर कसब्यात. पुढचा सोपा आणि माजघर जुनं, दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंतींचं. मागे वडिलांनी नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. मी टॉवेल-चादरीच्या चार-पाच कारखान्यांचे हिशेब बघतो, मागच्या खोलीत बसून. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं ते सोलापूरकर निमूट सोसतो, पण या दोन तारखांना नेट गेलं की ओळखीचे पार्टीवाले नमस्कारही न करता 'का बे'नंच सुरुवात करतात.

कनेक्शन देताना वायरवाल्या पोरानं नेट कंपनीचा डबा (फायबरचा मोडेम) सोप्यात दाराशेजारी ठोकला. खांबावरून वायर तिथवर जवळ पडते, बाकी काही कारण नाही. त्या डब्यालाच वाय-फाय होतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. दोन भिंती ओलांडून माझ्या टेबलापर्यंत एखादी दांडी यायची, तीही आली तर. कस्टमर केअरला सांगितलं की ते म्हणायचे, "सर, मोठा प्लॅन घ्या." दगडाच्या भिंतीला प्लॅन कळत नाही हे त्यांना कोण सांगणार! म्हणून राउटर आणला, आणि सोप्यातल्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ वायर ओढून घेतली.

मला वाटलं होतं, वायर लावायची आणि झालं. डब्याच्या लॅन (घरात नेट देणाऱ्या) पोर्टमधून निघालेली वायर राउटरच्या वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टात घातली, सेटिंग ऑटोमॅटिक ठेवलं. नेट येईना. तासभर गेल्यावर उमगलं की डबा आणि राउटर, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला की पोस्टमनचं जे होतं ते. राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ केला तेव्हा नेट आलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, आणि ज्यांना डोक्याला ताप नको त्यांनी खरंच इथेच थांबावं. पण असं केलं की दोन राउटर एकामागे एक लागतात आणि घरातली सगळी वर्दळ त्या लहानशा डब्यातूनच जाते. आमचा डबा दोन-तीन दिवसांनी गुंगायचा. मग ठरवलं, डब्याला ब्रिज मोडवर टाकायचं. म्हणजे त्यानं फक्त फायबरमधल्या उजेडाचं वायरीतल्या सिग्नलात रूपांतर करायचं, आणि कंपनीच्या सर्व्हरकडे लॉगिन आपल्या राउटरनं करायचं. या लॉगिनला पीपीपीओई म्हणतात. त्याला युजरनेम, पासवर्ड आणि बऱ्याचदा व्हीलॅनचा, म्हणजे वायरीतल्या कुठल्या वाटेनं जायचं त्याचा, नंबर लागतो.

या तीन गोष्टी मिळवायला मला नऊ दिवस लागले. फोनवरचे लोक म्हणत, पासवर्ड सांगता येत नाही. महिना ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये मी भरतो, लॉगिन माझ्या नावाचं, आणि पासवर्ड मलाच सांगता येत नाही! शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. काउंटरवरच्या पोरानं एका पावतीच्या मागे तिन्ही गोष्टी लिहून दिल्या, डब्याला तिथूनच ब्रिजवर टाकलं आणि म्हणाला, "काका, चालू नाही झालं तर आमच्याकडं येऊ नका."

चालू झालं नाहीच. पण इथे राउटर मला आवडला, कारण काय बिघडलंय ते तो नीट सांगतो. सुरुवातीला 'सर्व्हरकडून उत्तर नाही' असं येत होतं. याचा अर्थ आपला आवाजच तिथवर पोचत नाही: वायर चुकीच्या पोर्टात आहे, ब्रिज झालेला नाही किंवा व्हीलॅन चुकलाय. माझा व्हीलॅन टाकायचाच राहिला होता. तो टाकल्यावर तक्रार बदलली, 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'. ही तक्रार वाचून मला आनंद झाला, बायकोला वाटलं मी कामातून गेलो. पण सर्व्हर नाही म्हणतोय म्हणजे वाट बरोबर आहे, फक्त किल्ली चुकतेय. पावतीवर जो गोल मी शून्य समजत होतो तो ओ निघाला. तरीही नकार! मग कळलं की कंपनीनं माझं लॉगिन जुन्या डब्याच्या ओळख-नंबराला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवलंय. दोन उपाय असतात: फोन करून ते बंधन सोडवून घ्यायचं, नाहीतर राउटरमध्ये 'मॅक क्लोन' करून जुन्याच डब्याचं सोंग घ्यायचं. फोनचा कंटाळा आला होता, सोंग घेतलं. दहा मिनिटं सगळं बंद ठेवून पुन्हा लावलं आणि रात्री पावणेबाराला हिरवा दिवा लागला.

सकाळी आईनं सांगितलं की सोप्यातल्या टीव्हीवर कीर्तन लागत नाही. बरोबरच होतं. ब्रिज केल्यावर डब्याचं वाय-फाय गेलं होतं आणि नव्या राउटरचं सोप्यापर्यंत पोचत नव्हतं. माझा प्रश्न मी जसाच्या तसा आईकडे सरकवला होता. त्याचं पुढे काय झालं ते खाली येईल.

एक चूक पूर्णपणे माझी. कुठेतरी वाचून एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे तो आकडा, १४९२ चा १५०० केला, जास्त म्हणजे चांगलं असं समजून. बहुतेक सगळं उघडायचं, पण एका बँकेचं पान अर्ध्यावर लटकायचं. आठवडाभर बँकेला नावं ठेवली. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओईच्या वेष्टनाला जातात, उरतात १४९२. राउटरनं आधीच बरोबर भरलेला आकडा मी शहाणपणा करून बिघडवला होता.

डिसेंबरात प्लॅनचा वेग १०० चा २०० केला. तरी मोजल्यावर ९४ च. राउटरपासून कॉम्प्युटरला जी वायर लावली होती, ती कनेक्शनच्या वेळी त्या पोरानंच दिलेली होती. टोक उजेडात धरून पाहिलं तर आत चारच तारा. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवी वायर लावताच १९० च्या वर गेला. हा आकडा मेगाबिटचा, फाईल उतरताना मेगाबाइट दिसतात, त्यामुळे ८ नं भागायचं. नाहीतर उगाच भांडण व्हायचं.

मग आला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज आमच्याच भागातून, हिरेहब्बू वाड्यातून निघतात. त्या उंच काठ्या जायच्या म्हणून वाटेवरच्या लोंबत्या वायरी आधी वर घेतात किंवा सोडवून ठेवतात. त्यात तक्रार कसली, काठ्यांपुढे नेट काय! पण आमची वायर परत जोडली ती घाईत. नेट आलं, आणि दर वीस मिनिटांनी जायला लागलं. फोनवर पुन्हा तेच, "राउटर बंद करून चालू करा." यावेळी मी डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून किती उजेड येतोय ते, पाहिली. आधी उणे १९ डीबीएम असायची, आता उणे २६; उण्याचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. घरगुती फायबरच्या नेहमीच्या (जीपॉन) डब्याची सहनशक्ती उणे २७ च्या आसपास संपते. ७ डीबी घटले म्हणजे पूर्वीच्या पाचवा हिस्साच उजेड घरात येत होता. आकडा सांगितल्यावर फोनवरचा सूर बदलला. दुसऱ्या दिवशी माणूस मशीन घेऊन आला, खांबावरचा जोड नीट वितळवून केला, आकडा उणे २० वर आला. आठ महिन्यांत कंपनीनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, आणि ते एका आकड्यामुळे झालं. तुमच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा नसेल तरी हा आकडा एकदा बघून लिहून ठेवा.

दारावरचा कॅमेरा बाहेरून बघायला राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा, म्हणजे बाहेरून आत यायला वाट करण्याचा, खटाटोपही करून झाला. राउटरला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल तर ते होत नाही, कारण कंपनी एकच खरा पत्ता बऱ्याच घरांत वाटते. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवरून दिसतं, तेवढं पुरे.

लाईट जाण्यावर छोटा डीसी यूपीएस घेतला. पहिला चुकला: १२ व्होल्ट, १ अँपिअर. राउटरला दीड लागतो हे त्याच्या पोटावर लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. सगळे एकदम वापरायला लागले की राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तो यूपीएस आता डब्याला दिलाय, राउटरला २ अँपिअरचा. वाटेत फायबरमधला उजेड घरोघर वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीत अंधार असला तरी आमचं नेट तीन तास सहज टिकतं.

एप्रिलमध्ये राउटर दुपारी दोनच्या पुढे हँग व्हायला लागला. माहितीपत्रकात लिहिलंय, ४० अंशांपर्यंत चालेल. हे लिहिणारा उन्हाळ्यात सोलापूरला आलेला नसावा. आमच्याकडे बाहेरच पारा ४२-४३ वर जातो, आणि राउटर होता स्लॅबच्या खोलीत, कपाटावर, छतापासून दीड हातावर. चार दुपारी पंखा लावून काढल्या. मग आई म्हणाली, "माजघराच्या कोनाड्यात ठेव की, पूर्वी लोणीसुद्धा तिथंच ठेवायचो." ठेवला. ज्या भिंतींना दोन वर्षं शिव्या दिल्या त्यांच्याच पोटात तो आता थंड बसलाय. महिना झाला, एकदाही हँग झालेला नाही.

राउटर माजघरात आल्यामुळे सोप्यात आईचं कीर्तन आता लागतं. मी वायरीवर आहे, मला फरक पडत नाही. पण तीन बाजूंनी दगड असल्यामुळे मुलीच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ येईनासं झालंय, २.४ वर कसंबसं भागवते. कोनाड्याच्या कडेला आणून अँटेना बाहेर काढल्या तर जरा बरं चालतं, पण तिथं आईची निरंजनाची वाती ठेवायची डबी असते, आणि ती हलवण्याबद्दल बोलणी अजून चालू आहेत.