नवा प्रेक्षक आणायचाय: वेगळा खेळ लावावा की नेहमीचाच खेळ बदलावा?

कुठल्याही साखळीत नसलेल्या, एका पडद्याच्या चित्रपटगृहाकडे आसपासचेच कितीतरी लोक फिरकत नाहीत. कर्णबधिर, दृष्टिहीन, स्वमग्न मुलं आणि त्यांचे पालक, तान्हं बाळ असलेल्या आया, एकटे राहणारे वृद्ध, हातावर पोट असलेली कुटुंबं. सगळ्यांसाठी एकदम सगळं करायला पैसा नसतो, म्हणून निवड करावी लागते. पर्याय जोडीने मांडतो, आणि माझा कौलही सांगतो.

वेगळा खेळ की नेहमीचा?

वेगळ्या, सैल शिस्तीच्या खेळात दिवे मंद पण चालू ठेवतात, ट्रेलर गाळतात, उठायची-बोलायची मोकळीक असते. आवाजही उतरवतात. साउंड प्रोसेसरवर, म्हणजे सभागृहाचा आवाज ठरवणाऱ्या यंत्रावर, ७ हा प्रमाण आकडा मानला जातो, पण आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला ती पातळी सोसत नाही. पालकांना मात्र त्याहून मोठा दिलासा असतो तो कुणी मागे वळून बघत नाही याचा.

अडचण वेळापत्रकात आहे. असे खेळ आडवारी सकाळी, रिकाम्या वेळेत ढकलले जातात. नोकरी करणारा पालक तेव्हा येणार कसा? शिवाय चित्रपट कायम लहान मुलांचेच लावतात. स्वमग्न मुलं मोठी होतात, हे कुणाच्या गावीही नसतं.

नेहमीच्याच खेळात सगळ्यांना सामावून घेतलं तर कुणावर शिक्का बसत नाही आणि हवा तो चित्रपट बघता येतो. पण मग तक्रार घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाला काय सांगायचं, हे दारावरच्या माणसाला आधीच ठाऊक हवं. सुरुवात वेगळ्या खेळाने करा, मात्र वार ठरलेला आणि सुट्टीचा असू द्या.

कॅप्शन पडद्यावर की उपकरणावर?

कॅप्शन म्हणजे संवाद आणि आवाज लिहून दाखवणाऱ्या ओळी. उपकरण म्हणजे त्या दाखवणारा चष्मा, नाहीतर खुर्चीच्या कपधारकात बसणारा छोटा पडदा. कोणत्याही खेळाला चालतं आणि बाकीच्यांना दिसत नाही, म्हणून मालकांना आवडतं. अमेरिकेत डिजिटल चित्रपटगृहांना जून २०१८ पासून अशी उपकरणं ठेवणं बंधनकारक आहे. वापरणाऱ्याची बाजू वेगळी: ते मागून घ्यायचं, चार्ज आहे का बघायचं, आणि कपधारकातला पडदा असेल तर दोन तास नजर वर-खाली करायची.

पडद्यावरच कॅप्शन असतील तर प्रेक्षकाने काहीच करायचं नाही. हवाई राज्याने २०१५ मध्ये कायदा करून, दोनाहून जास्त ठिकाणी थिएटरं असलेल्यांना आठवड्याला असे किमान दोन खेळ दाखवायला लावले. भाषा नव्याने शिकणाऱ्यांनाही यांचा उपयोग होतो. छोट्या चित्रपटगृहाने इथूनच सुरुवात करावी, कारण उपकरणांचा खर्च वाचतो.

फक्त एक खबरदारी. पडद्यावर कॅप्शन असलेली आवृत्ती डीसीपीत, म्हणजे चित्रपटगृहाला मिळणाऱ्या चित्रपटाच्या डिजिटल संचात, बहुधा स्वतंत्र असते, आणि तिची केडीएम, म्हणजे डिजिटल किल्लीही, वेगळी लागते. वितरकाकडे दोन्ही नाव घेऊन मागा आणि आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघा. जाहीर केलेल्या खेळाला कॅप्शन आल्याच नाहीत, तर तो प्रेक्षक पुन्हा येत नाही.

दृष्टिहीनांच्या ध्वनिवर्णनाला, म्हणजे पडद्यावर काय घडतंय ते कानात सांगण्याला, मात्र बहुधा हेडसेट लागतात. थोडेच घ्या, पण ते कुठे ठेवलेत हे तिकीट खिडकीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

सवलत की ऐपतीप्रमाणे तिकीट?

सवलतीसाठी दाखला मागावा लागतो. रांगेत दहा जणांसमोर गरिबी सिद्ध करण्यापेक्षा माणूस घरी बसणं पसंत करतो. दोन-तीन दर लावा, ज्याचा त्याने निवडावा, कुणी काही विचारू नये, हे मला जास्त पटतं. मात्र नव्या चित्रपटाचं भाडं बहुधा तिकीटविक्रीच्या टक्क्यांवर असतं, त्यामुळे दर पाडण्याआधी वितरकाची संमती घ्या. ठोक भाड्याने मिळणाऱ्या जुन्या चित्रपटांना ही कटकट कमी.

सोबत्याचं तिकीट ही गोष्ट निराळी. मदतनीसाशिवाय जो येऊच शकत नाही, त्याला दोन तिकिटं घ्यायला लावणं म्हणजे दुप्पट दर आकारणं. ब्रिटनमध्ये योजनेत सामील चित्रपटगृहांत सीईए कार्ड, म्हणजे अपंग प्रेक्षकांसाठीचं ओळखपत्र, दाखवलं की सोबत्याला तिकीट फुकट मिळतं. कार्डाची व्यवस्था नसली तरी हे आजपासून करता येईल.

चित्रपट कोण निवडणार?

तुम्ही निवडून ‘त्यांच्यासाठी’ लावणं सोपं. महिन्याची एक संध्याकाळ स्थानिक गटाच्या हाती देणं अवघड. पण जाहिरातीने जे लोक येत नाहीत ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावर येतात, म्हणून माझं मत दुसऱ्या पर्यायाला. त्या गटाच्या वेळेचा मोबदला द्या, फुकट राबवून घेऊ नका. निवडलेला चित्रपट तुम्हाला सुमार वाटला तरी लावा. नकाराचा हक्क स्वतःकडे ठेवणार असाल, तर तसं पहिल्याच बैठकीत सांगून टाका.