सीएसआर की स्थानिक फाउंडेशन? छोट्या संस्थेने अर्ज कुठे करावा

तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेला हा प्रश्न पडतोच. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकामावर खर्च करायचा पैसा. स्थानिक फाउंडेशन म्हणजे विश्वस्तांनी चालवलेली, इतर संस्थांना देणगी देणारी संस्था.

कागदपत्रं: सीएसआरला १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या), सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) क्रमांक आणि किमान ३ वर्षांचं काम लागतं. फाउंडेशनला ३ वर्षांची सक्ती कायद्याने नाही. तिच्याकडचा पैसा परदेशी देणगीचा नाही ना, हे मात्र आधीच विचारा. २०२० च्या दुरुस्तीपासून तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

पगार: खरी अडचण इथे. ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे, तरी ती संस्थेच्याच माथी मारली जाते. म्हणून बजेटात ‘कार्यालय खर्च’ अशी मोघम ओळ नको. ‘ग्रंथपाल, अर्धवेळ, १२ महिने’ असं लिहा. फाउंडेशनचे विश्वस्त अभ्यासिका स्वतः बघून जाऊ शकतात. त्यांना भाडं-वीजबिल पटवणं सोपं.

वेळ: कंपनीची घाई ३१ मार्चची. फाउंडेशनमध्ये विश्वस्तांची बैठक हुकली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं.

संगणक, सोलर, खोलीचं बांधकाम असेल तर सीएसआर. पगार, भाडं किंवा पहिलंच वर्ष असेल तर फाउंडेशन.