पेरूजात एक सत्र इटालियन : पणजीहून जाणाऱ्यांसाठी

इटालियन सुधारायला एका सत्रासाठी जायचं तर रोम-मिलानपेक्षा पेरूजा बरं. तिथलं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ १९२१ पासून हेच काम करतंय. शिवाय गाव छोटं, त्यामुळे इंग्रजीचा आधार कमी मिळतो, आणि खरा फायदा तोच. फक्त शून्यातून जाऊ नका. ए२ पातळी, म्हणजे रोजचं साधं बोलणं जमण्याइतकी भाषा, गोव्यातच गाठा, नाहीतर अर्धं सत्र भाजी मागायला शिकण्यात जाईल.

इटालियनमध्ये व्यंजन दुहेरी झालं की अर्थ बदलतो: 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'पत्ता', 'कच्चा' म्हणणाऱ्या जिभेला हा फरक सहज जमतो. 'मी गेलो', 'मी गेले' यांसारखंच 'आंदातो', 'आंदाता' बदलतं, तेही सोपं. अडतं ते साहाय्यक क्रियापदाशी: 'गेलो'ला 'एस्सेरे' (असणे) लागतं, 'खाल्लं'ला 'आवेरे' (जवळ असणे). याचा सराव रोज करा. घरात पोर्तुगीज असेल तर जपून, कारण 'बुर्रो' हा शब्द तिथे गाढव आणि इटालियनमध्ये लोणी!

९० दिवसांहून जास्त राहायचं तर डी प्रकारचा व्हिसा लागतो. गोवेकरांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. पोचल्यावर कामाच्या ८ दिवसांत पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज भरायचा, त्यावर १६ युरोंचं मुद्रांक तिकीट. पोस्टाची पावती अजिबात हरवू नका, परवाना हाती येईपर्यंत तोच तुमचा पुरावा.

परतण्याआधी त्या विद्यापीठाचीच 'चेली ३' ही इटालियनची परीक्षा द्या, ती बी२ पातळीची, म्हणजे ए२च्या दोन पायऱ्या वरची आहे.