ॲल्युमिनियमच्या ओतकामात काय मिसळावं: सिलिकॉन कार्बाइड की अल्युमिना?

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागात बिडाचं ओतकाम मुरलेलं आहे. पण गिऱ्हाईक वजन कमी करा म्हणतं, तेव्हा ॲल्युमिनियमकडे वळावं लागतं आणि झिजेचा प्रश्न उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे धातूत मिसळायची सिरॅमिकची पूड: सिलिकॉन कार्बाइड किंवा अल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड). यातली कुठली?

बेळगावात बरेच जण अल्युमिनाचं नाव घेतील. हिंडाल्कोचा अल्युमिनाचा कारखाना इथंच आहे ना! मला हा हिशेब पटत नाही. पूड कुठून येते ते नंतर, तुमच्या क्रुसिबलमध्ये (धातू वितळवायच्या भांड्यात) कुठला मिश्रधातू आहे ते आधी बघा.

सिलिकॉन कमी असलेल्या वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड टिकत नाही. त्यातून ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ, शिवाय ओलाव्याने खराब होणारं. सिलिकॉन ९-१० टक्क्यांवर नेला की हा धोका बराच दबतो. एलएम २५ या ओतकामाच्या मिश्रधातूत तो ७ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून थोडा वाढवा आणि भट्टी ७५० अंशांपुढे जाऊ देऊ नका. ६०६१ सारख्या, फोर्जिंग-एक्स्ट्रूजनच्या मिश्रधातूत मात्र सिलिकॉन एक टक्काही नसतो. तिथं अल्युमिना बरा. पण तो मिश्रधातूतलं मॅग्नेशियम हळूहळू खातो, त्यामुळे हीट ट्रीटमेंटला पुरेसं उरतंय का, ते तपासा.

अल्युमिना जडही आहे: घनता ३.९, सिलिकॉन कार्बाइडची ३.२. ढवळणं थांबलं की तो लवकर तळाशी बसतो. पूड कोणतीही असो, आधी चांगली तापवून घ्या. ओल राहिली की कास्टिंगमध्ये गॅस होल आलेच. जोरात ढवळून भोवरा केला तरी हवा आत ओढली जाते.

आपल्याकडच्या सवयीचा एक धोका खास सांगतो. वितळलेल्या धातूतला गॅस काढायला क्लोरीनवाली डीगॅसिंगची गोळी टाकतात. इथं ती टाकू नका. तिच्यामुळे कण धातूपासून सुटतात आणि मळीबरोबर वर येतात, म्हणजे महागडी पूड मळीच्या ढिगात. आर्गॉन वापरा.

ताठपणा चांगला वाढतो: २० टक्के सिलिकॉन कार्बाइडने ७० गिगापास्कलवरून १००च्या आसपास. पण तुटण्याआधी लांबण्याची क्षमता एक टक्क्याच्याही खाली येते. धक्के खाणाऱ्या पार्टला दोन्ही पुडी नकोत. तिथं साधा एलएम २५, टी ६ हीट ट्रीटमेंट करून घ्या.

ब्रेक डिस्क, पुली असं घासणारं काम आणि ओतकामाचा मिश्रधातू असेल, तर माझं मत सिलिकॉन कार्बाइडला. कोटेशन देताना मशीनशॉपला आधी विचारा: टंगस्टन कार्बाइडचे इन्सर्ट (कापणारी टोकं) भराभर झिजतात, हिऱ्याचे पीसीडी टूल लागतात. रनर-राइझरचं (साच्यात धातू नेणाऱ्या-पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं) स्क्रॅपही वेगळं ठेवा, साध्या ॲल्युमिनियमच्या भट्टीत जाऊ देऊ नका.